ग्रीसच्या नॅक्सोस आणि सँटोरिनी बेटांची फेरी: पुण्यातून आरक्षण कसं करावं?

कोथरूडकर_७

सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात ग्रीस ठरतंय. चौघं आहोत: आम्ही दोघं, सासूबाई (६८, गुडघ्यांचा त्रास, जिना चढतात पण सावकाश) आणि चार वर्षांचा मुलगा. हातात सहा रात्री. कच्चा आराखडा असा:

शुक्रवारी दुपारी १ वाजता अथेन्स विमानतळ, तिथून थेट पिरेअस बंदर, संध्याकाळी साडेपाचची बोट धरून रात्री नॅक्सोस. तिथे तीन रात्री. सोमवारी बोटीने सँटोरिनी, तीन रात्री. गुरुवारी सँटोरिनीहून वेगवान बोटीने परत अथेन्स आणि त्याच रात्री ९ वाजता परतीचं विमान.

प्रश्न: तिकिटं किती आधी काढावीत? मोठी बोट की वेगवान? इथल्या कार्डावर आरक्षण होतं का? व्हिसा हातात येण्याआधी तिकीट काढणं शहाणपणाचं आहे का? आणि वाऱ्यामुळे बोटी रद्द होतात म्हणतात, ते किती मनावर घ्यायचं?

---

पिरेअस_ई७

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यावरच बाकी सगळं ठरतं. वारा मनावर घ्यायचाच. तुमच्या आराखड्यात गुरुवार हा सगळ्यात कच्चा दुवा आहे. परतीचं आंतरराष्ट्रीय विमान आणि बोट एकाच दिवशी ठेवू नका, मग समुद्र कितीही शांत दिसो.

त्यातही सँटोरिनीहून ते जमणं आणखी अवघड. बहुतेक बोटी सकाळी पिरेअसहून निघतात, दुपारी सँटोरिनीला पोचतात आणि तिथूनच परत फिरतात. म्हणजे परतीची बोट सुटते दुपारी. वेगवान बोटीला पाच तासांच्या आसपास लागतात, मोठीला साडेसात-आठ. वेगवान घेतली तरी पिरेअसला संध्याकाळ होते आणि तिथून विमानतळ अजून तासाभरावर. एक तास उशीर झाला की विमान गेलं.

नियम असा धरा: सगळ्यात लांबचं बेट आधी, मग अथेन्सच्या दिशेने माघारी, आणि शेवटची रात्र मुख्य भूमीवर. तुमच्या तारखांत ते असं बसतं:

शुक्रवार: अथेन्समध्ये मुक्काम.
शनिवार: सकाळच्या विमानाने सँटोरिनी (पाऊण-एक तास). दोन रात्री.
सोमवार: बोटीने नॅक्सोस. दोन रात्री.
बुधवार: बोटीने पिरेअस. अथेन्समध्ये एक रात्र.
गुरुवार: दिवसभर अथेन्स, रात्री विमान.

यात बुधवारची बोट रद्द झाली तरी गुरुवार शिल्लक राहतो. उन्हाळी वेळापत्रकात नॅक्सोसहून सकाळी साडेनऊच्या सुमारास सुटून दुपारी तीनच्या आत पिरेअसला पोचणारी मोठी बोट असते. तुमच्या तारखेला ती आहे ना, तेवढं पाहून घ्या. रात्री ९ चं विमान त्यातून मिळतं, धावपळ होते इतकंच.

शुक्रवारची साडेपाचची बोट कागदावर जमते. इमिग्रेशन आणि सामानाला तास-सव्वा तास, मेट्रोला साधारण तासभर, म्हणजे सव्वातीन-चारला पिरेअस. पण विमान दोन तास उशिरा आलं तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही, आणि सुटायच्या वेळेला तिकिटाचे पैसे परत मिळणं अवघड. विमान आणि बोट ही वेगवेगळी तिकिटं आहेत, एकाच्या उशिराची जबाबदारी दुसरा घेत नाही.

---

मीठवारा

वरच्याशी सहमत, फक्त एक भर. सहा रात्रींतल्या दोन अथेन्सला दिल्यावर उरलेल्या चार रात्रींत दोन बेटं म्हणजे लहान मूल आणि ६८ वर्षांच्या बाईंना घेऊन पळापळ आहे. एकट्या नॅक्सोसवर चार रात्री काढा. बंदर थेट गावाला लागून आहे, बोटीतून उतरून दहा-पंधरा मिनिटांत चालत हॉटेल गाठता येतं, किनारे वाळूचे आणि उथळ. सँटोरिनीचं बंदर कड्याच्या पायथ्याशी, गावं कड्यावर आणि सगळीकडे पायऱ्या. गुडघ्यांना ते बेट त्रासदायक. पण "सँटोरिनी नाही केलं?" असं परतल्यावर सगळे विचारणार हेही खरं, त्यामुळे निर्णय तुमचा.

---

पिरेअस_ई७

@मीठवारा, माझंही मत तेच आहे, पण त्यांनी सँटोरिनी मागितलंय म्हणून दिलं.

आता बोटींचे प्रकार. मोठी बोट म्हणजे गाड्या-ट्रक पोटात घेणारं आठ-दहा मजली जहाज. ब्लू स्टार डेलोससारखी. पिरेअसहून पारोस, नॅक्सोस, पुढे सँटोरिनी असा थांबत जाणारा मार्ग. नॅक्सोसला सव्वापाच-साडेपाच तास. उघडा डेक, उपाहारगृह, फिरायला जागा आणि मुख्य म्हणजे लाटांत कमी हलते. वेगवान बोटी बहुतेक कॅटामरान, म्हणजे दोन समांतर तळांच्या. वेळ तासा-दोन तासांनी कमी, भाडं दीडपट किंवा त्याहून जास्त. बऱ्याच बोटींत बसायचं आत, बंद काचांमागे. वाऱ्यात त्या जास्त आपटतात आणि बंदीही त्यांच्यावर आधी येते.

तुमच्या मंडळींसाठी मोठी बोट, दुसरा विचार नको. पिरेअस-नॅक्सोसचं साधं तिकीट माणशी ४०-५० युरोंच्या घरात. 'इकॉनॉमी' म्हणजे जागा राखीव नसते, जिथे रिकामं दिसेल तिथे बसायचं. थोडे युरो जास्त देऊन विमानासारखी क्रमांकाची खुर्ची मिळते. सासूबाईंसाठी ती घ्याच. दिवसाच्या प्रवासाला केबिनची गरज नाही. केबिन उपयोगी पडते ती पिरेअस-क्रीटच्या रात्रीच्या बोटींना: रात्री नऊच्या सुमारास निघून पहाटे इराक्लिओ किंवा हान्या, हॉटेलची एक रात्र वाचते.

चार वर्षांच्या मुलाला बहुतेक कंपन्यांत भाडं लागत नाही, पण तिकीट लागतं. शून्य रकमेचं का होईना, त्याचं नाव प्रवाशांच्या यादीत असलं पाहिजे. पाच ते दहा वर्षांना साधारण निम्मं भाडं.

किती आधी काढावीत? सप्टेंबरच्या शेवटाला सहा ते आठ आठवडे आधी पुरे. मोठ्या बोटींचं भाडं विमानासारखं दिवसागणिक चढत नाही, त्यामुळे फार लवकर काढून काही वाचत नाही. उशीर केला तर मात्र क्रमांकाच्या खुर्च्या जातात. अपवाद दोन: ग्रीक ईस्टरचा आठवडा आणि १५ ऑगस्टच्या आगेमागे. १५ ऑगस्टला मरियमचा सण असतो, टिनोस बेटावर मोठी यात्रा भरते आणि अख्खं अथेन्स गावी निघतं. गणपतीत कोकणच्या गाडीचं आरक्षण मिळतं तितपतच तेव्हा बोटीचं मिळतं.

आणखी एक. जानेवारीत शोधून "सप्टेंबरला बोटच नाही" असा निष्कर्ष काढू नका. कंपन्या उन्हाळ्याचं वेळापत्रक टप्प्याटप्प्याने उघडतात. एखाद्या तारखेला एकच बोट दिसत असेल तर बाकीच्या अजून टाकलेल्या नसण्याची शक्यता जास्त.

---

बोफर्ट_आठ

वाऱ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते.

एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो, त्याला मेल्टेमी म्हणतात. जोर जुलै-ऑगस्टमध्ये. आभाळ निळंशार, ऊन लख्ख आणि तरी बोटी बंद, हे आपल्या डोक्यात बसत नाही. आपल्याकडे खवळलेला समुद्र म्हणजे पाऊस. सप्टेंबर अखेरीस मेल्टेमी बराच ओसरतो, पूर्ण जात नाही.

बोट सोडायची की नाही हे कंपनीवर सोडलेलं नसतं. वाऱ्याचा अंदाज ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तटरक्षक दलाच्या बंदर कार्यालयाकडून बंदी लागते. ग्रीक लोक तिला 'अपागोरेफ्तिको' म्हणतात. मोठ्या बोटींसाठी ही मर्यादा साधारण ८ बोफर्टच्या (वाऱ्याच्या जोराचं माप) आसपास, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटरचा वारा. वेगवान बोटी त्याच्या एक पायरी आधीच थांबतात. बंदी उठली की बोटी लगेच सुटतात, कधी रात्री दोनलाही, म्हणून फोनवरच्या संदेशांकडे लक्ष ठेवा. यात हुज्जत घालण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २००० मध्ये पारोसजवळ एक्सप्रेस सामिना ही फेरी सोसाट्याच्या वाऱ्यात खडकावर आदळून बुडाली, ८० हून अधिक माणसं गेली. प्रवाशांची यादी आणि वाऱ्याची मर्यादा या गोष्टी तिथे कुणी हलक्यात घेत नाही.

पैशांचं असं: हवामानामुळे किंवा संपामुळे बोट रद्द झाली तर पूर्ण पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, यातलं एक तुम्ही निवडायचं. पुढच्या बोटीत जागा हवी असेल तर ताबडतोब मागा, कारण तीच बोट बाकीचे पाचशे जणही मागत असतात. तुम्ही स्वतः रद्द केलं तर जितकं आधी तितकी कपात कमी. शेवटच्या दिवशी जवळजवळ काही मिळत नाही. तारीख नक्की नसेल तर तिकीट 'ओपन' करून घेता येतं, म्हणजे पैसे अडकतात पण बुडत नाहीत.

युरोपीय संघाचा जलप्रवासी हक्कांचा नियम आहे, क्रमांक ११७७/२०१०. सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर परतावा किंवा पर्यायी प्रवास मागता येतो. पोचायला उशीर झाला तर भरपाई वेगळी: चार तासांपर्यंतच्या प्रवासात एक तास उशीर, चार ते आठ तासांच्या प्रवासात दोन तास उशीर झाला की भाड्याच्या २५ टक्के, उशीर त्याच्या दुपटीहून जास्त झाला की ५० टक्के. खराब हवामानाला मात्र ही भरपाई लागू नाही, आणि ती आपणहून कुणी देत नाही, अर्ज करावा लागतो.

संप हा दुसरा धोका. खलाशांच्या महासंघाचे संप बहुतेक २४ तासांचे असतात आणि आधी जाहीर होतात. १ मे ला बोटीचा प्रवास ठेवूच नका.

---

फोर्टकर

पैसे, नावं आणि व्हिसा यांचं मी सांगतो.

आरक्षण फेरीहॉपर किंवा फेरीस्कॅनरवर करा, किंवा थेट कंपनीच्या संकेतस्थळावर. तुलना करायला पहिली दोन चांगली, सगळ्या कंपन्या एकत्र दिसतात. एकाच कंपनीची दोन्ही तिकिटं असतील तर थेट घेतलेली बरी. बदल करायचा झाला की मध्ये कुणी नसतं.

भारतीय कार्ड चालतं. आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करा, ते मुळात बंद असतात. पैसे भरताना ओटीपी येतो, म्हणून घरूनच काढून टाका. ग्रीसमध्ये गेल्यावर भारतीय सिमवर रोमिंग नसेल तर तिथेच अडकाल. चलन बदलाचा आकार बँकेप्रमाणे दोन ते साडेतीन टक्के, वर जीएसटी. 'रुपयांत भरा' असा पर्याय समोर आला तर तो नको, युरोच निवडा.

नाव: आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही असतात. तिकिटावर ते तसंच पूर्ण लिहा, आडनाव वेगळ्या रकान्यात. सासूबाईंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल (जुन्या पिढीत असतो) तर आधीच कंपनीला विचारून घ्या.

व्हिसा: शेंगेन व्हिसाचा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. दिवसागणिक कार्यक्रम, विमान आणि मुक्काम दाखवावा लागतो. बोटीचं पैसे भरलेलं तिकीट जोडायची गरज नसते. कार्यक्रमात "अमुक दिवशी फेरीने नॅक्सोस" एवढी ओळ पुरे. म्हणून आधी व्हिसा, मग बोट. तुमच्या महिन्यात तेवढा वेळ मिळतो.

आणि एक सापळा, तुम्ही त्या बाजूला जात नसलात तरी वाचणाऱ्यांसाठी. ऱ्होड्स, कोस, सामोस, हिओस या बेटांवरून तुर्कस्तानला छोट्या बोटी जातात: कोस ते बोद्रुम, सामोस ते कुशादासी वगैरे. दिवसाची सहल म्हणून तिकीट विकतात. तुमचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तुर्कस्तानात पाऊल टाकताच तो संपला, संध्याकाळी परत ग्रीसमध्ये येता येणार नाही. ग्रीसमधल्या ग्रीसमध्ये कितीही बोटी बदला, इमिग्रेशन नाही.

---

कोथरूडकर_७

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा @पिरेअस_ई७ यांनी दिला तसाच घेतोय. सँटोरिनी सोडायला घरातून नकार आहे. 🙂

आता प्रत्यक्ष चढण्या-उतरण्याबद्दल. सासूबाईंना जिने किती? चार मोठ्या बॅगा कुठे ठेवायच्या? मुलाला घाटात गाडी लागते, बोटही लागेल का? आणि अथेन्सहून पिरेअसला सोपं कसं जायचं, म्हणजे पुढच्या वेळी कामाला येईल?

---

पिरेअस_ई७

क्रमाने.

बॅगा चारच्या दोन करा. हा सल्ला फुकटचा वाटेल, पण फेरीवर हमाल नसतो.

सँटोरिनीला बोटी लागतात अथिनिओस बंदरात. फिरा या मुख्य गावाच्या खाली जुनं बंदर आहे, गाढवं आणि केबल कारवालं, ते आपलं नाही. तिकिटावर आणि फलकांवर बेटाचं नाव बऱ्याचदा 'थिरा' असतं, गोंधळू नका. फिराहून अथिनिओसला सरकारमान्य बस जाते, पण घाटाचा रस्ता वळणावळणांचा आणि तीन-चार बोटी एका वेळेला आल्या की गाड्या तुंबतात. हॉटेलकडून गाडी ठरवा आणि बोटीच्या वेळेआधी तासभर बंदरात पोचा.

बोट धक्क्याला मागच्या बाजूने लागते, लोखंडी रॅम्प खाली येतो आणि ट्रक, मोटारी, माणसं सगळी एकाच दारातून. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो पाहिली असेल, तोच प्रकार, आकार कितीतरी मोठा. रॅम्प ओला असतो, मुलाचा हात सोडू नका. उतरणारे आधी. आत शिरलं की तुम्ही गाड्यांच्या तळमजल्यावर असता. भिंतीला बॅगांच्या मांडण्या, त्यांवर बेटांची नावं. 'नॅक्सोस' लिहिलेल्या मांडणीवरच बॅग ठेवा, नाहीतर उतरताना दुसऱ्या टोकाला शोधत बसाल. पासपोर्ट, पैसे, औषधं खांद्यावरच्या पिशवीत. वाटेत खाली जाऊ देत नाहीत. मोठ्या बोटींत तळमजल्यावरून वर सरकता जिना असतो आणि लिफ्टही. लिफ्ट सहसा दिसत नाही, दारातल्या कर्मचाऱ्याला सासूबाईंकडे बोट दाखवून 'लिफ्ट' म्हणा, तो नेतो. छोट्या वेगवान बोटींत बहुधा जिनाच, हेही मोठी बोट घेण्याचं कारण.

उतरताना खरी घाई. बोट मधल्या बेटावर मोजकी काही मिनिटं थांबते. पोचण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी ग्रीक आणि इंग्रजीत घोषणा होते, तेव्हाच उठा. सासूबाईंना त्याच्याही आधी लिफ्टपाशी आणा. सगळे तळमजल्यावर, इंजिनाच्या धुरात, बॅग हातात धरून उभे राहतात आणि रॅम्प टेकला की लोंढा निघतो. खुर्चीत बसून "थांबली की जाऊ" म्हणणारे पुढच्या बेटावर उतरतात.

---

मीठवारा

बोट लागण्याबद्दल: जागा बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, टोकाला हेलकावा जास्त. नजर क्षितिजावर, फोनवर नको. मोठी बोट असेल तर मुलाला उघड्या डेकवर, वाऱ्याच्या आडोशाला बसवा. एसटीत घेतो ती अव्होमीन चालते, पण निघायच्या तास-दीड तास आधी; उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. चार वर्षांच्या मुलाची मात्रा बालरोगतज्ज्ञांना विचारूनच.

खाणं: बोटीवर चीजची आणि पालकाची पाई (सारण भरून भाजलेला पदार्थ) मिळते, तिरोपिता आणि स्पानाकोपिता. सासूबाई अंडंही खात नसतील तर 'निस्तीसिमो' हा शब्द लक्षात ठेवा. ग्रीक उपासाचं खाणं, त्यात मांस, दूध, अंडं नसतं. फक्त कोळंबी, माकूल चालतात त्यांना उपासाला, तेवढं विचारून घ्या.

---

बोफर्ट_आठ

पिरेअसचं राहिलं. मेट्रोची निळी लाइन (क्रमांक ३) ऑक्टोबर २०२२ पासून विमानतळ ते पिरेअस थेट जाते, गाडी बदलायची नाही. विमानतळाचं तिकीट ९ युरो. रात्री-पहाटे मेट्रो नसते, तेव्हा एक्स-९६ बस, ती चोवीस तास चालते, रहदारीप्रमाणे दीड तासापर्यंत धरा. मेट्रोत खिसेकापू आहेत, पाठीवरची पिशवी पुढे घ्या.

पिरेअस बंदर प्रचंड आहे आणि धक्के ई-१ ते ई-१२ असे क्रमांकांनी ओळखले जातात. नॅक्सोस-पारोसच्या मोठ्या बोटी बहुधा स्टेशनासमोरच्या ई-६, ई-७ भागातून. ऱ्होड्स-कोसच्या ई-१ वरून, आणि ते चालत वीस-पंचवीस मिनिटं लांब. त्या बाजूला बंदराच्या आतून मोफत बस असते. धक्का ऐन वेळी बदलतो, आदल्या संध्याकाळी तिकिटावर किंवा आलेल्या संदेशात पुन्हा बघा. सगळ्याच बोटी पिरेअसहून सुटत नाहीत हेही पाहा: मिकोनोस, टिनोस, आंद्रोससाठी राफिना बंदर विमानतळाला जवळ पडतं, कोर्फूला इगुमेनित्सा, केफालोनियाला किलिनी.

आदल्या दिवशी वेब चेक-इन करून क्यूआर फोनमध्ये उतरवून ठेवा, नेटवर विसंबू नका. एखाद्या कंपनीचं तिकीट अजूनही बंदरातल्या खिडकीवरून घ्यावं लागतं, तसं असेल तर ईमेलमध्ये लिहिलेलं असतं.

बुधवारी नॅक्सोसला धक्क्यावर उन्हात उभं राहण्याआधी मरीन ट्रॅफिकवर (जहाज आत्ता कुठे आहे ते दाखवणारं संकेतस्थळ) बोटीचं नाव टाकून बघा. ती अजून सँटोरिनीलाच असेल तर तुम्हाला निदान दोन तास आहेत, कॉफी घ्या.